एका अक्षराचा माग : ८क्यू२४ आणि आफ्रिकी वंशाच्या पुरुषांतील प्रोस्टेट कर्करोग

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान होण्याचे प्रमाण गोऱ्या पुरुषांच्या दीडपटीहून जास्त आहे आणि या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे दुप्पट आहे. इंग्लंडमधील २००८ ते २०१० या काळातील नोंदींवरून काढलेला अंदाजही याच दिशेने जातो. तेथे दर चार कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी या कर्करोगाचे निदान होते. गोऱ्या पुरुषांत हे प्रमाण आठांत एक आहे, तर आशियाई, म्हणजे तेथे मुख्यतः भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांतील पुरुषांत ते तेरांत एक आहे. कॅरिबियन बेटांवर आणि पश्चिम आफ्रिकेतही हा आजार मोठ्या प्रमाणावर बळी घेतो.

एवढा फरक का, या प्रश्नाला दीर्घकाळ दोन ठरलेली उत्तरे दिली गेली. एका बाजूचे म्हणणे होते की गरिबी, वर्णभेद, विम्याचा अभाव आणि उशिरा मिळणारे उपचार यांतच सर्व काही आले. दुसरी बाजू ‘वंश’ या शब्दावर थांबत असे, जणू तो शब्द उच्चारला की कारण सापडले. पहिल्या उत्तरात बरेच तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. दुसरे तर उत्तरच नव्हे, कारण वंश हा रेणू नाही आणि तो पेशीत जाऊन काही घडवून आणत नाही. काही घडवायचे तर डीएनएतील एखाद्या ठरावीक जागी, ठरावीक अक्षराने (डीएनए ए, सी, जी आणि टी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो), ठरावीक मार्गाने घडवावे लागते. ती जागा, ते अक्षर आणि तो मार्ग शोधण्याचे काम २००६ ते २०२० या काळात कसे झाले, त्याचा हा अभ्यास आहे.

पहिला धागा : मिश्र वंशावळीचा उपयोग

२००६ साली मॅथ्यू फ्रीडमन, क्रिस्टोफर हायमन, डेव्हिड राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या १,५९७ आफ्रिकी-अमेरिकी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढील सर्व प्रकरणाचे बळ तिच्यातच आहे. आफ्रिकी-अमेरिकी माणसाच्या जनुकसंचात सरासरीने सुमारे ऐंशी टक्के भाग आफ्रिकेतून आलेला असतो आणि उरलेला बहुतेक युरोपातून. गुलामगिरीच्या काळापासूनच्या सरमिसळीचा तो ठसा आहे. हे दोन प्रकारचे अंश गुणसूत्रांवर लांबलचक तुकड्यांच्या रूपाने आलटून पालटून मांडलेले असतात. एखाद्या ठिकाणच्या आफ्रिकी तुकड्यात धोका वाढवणारे काही असेल, तर रुग्णांमध्ये नेमक्या त्याच ठिकाणी आफ्रिकी अंश त्यांच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा जास्त दिसला पाहिजे.

येथे रुग्णाची तुलना शेजारच्या गोऱ्या माणसाशी होत नाही. त्याच्याच जनुकसंचातील एका जागेची तुलना उरलेल्या सर्व जागांशी होते. गरिबी, वस्तीतील प्रदूषण, आहार, डॉक्टरांकडून मिळणारी वागणूक यांचा संबंध एकूण आफ्रिकी अंशाशी असू शकतो, पण आठव्या गुणसूत्राच्या एकाच पट्ट्यातील अंश निवडून वाढवणे सामाजिक परिस्थितीला शक्य नाही. त्यामुळे ‘हे सारे परिस्थितीचेच आहे’ हा आक्षेप या एका निष्कर्षापुरता तरी बाजूला पडतो. सामाजिक आणि जैविक कारणांची गुंतागुंत इतक्या स्वच्छपणे सोडवणारी पद्धत माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

शोधाचे बोट एकाच ठिकाणी स्थिरावले : आठव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील ८क्यू२४ या पट्ट्यातील सुमारे ३८ लाख अक्षरांचा भाग. तेथे धोक्याचे कारण दडले आहे असे मानणारे अनुमान, तसे काही नाही असे मानणाऱ्या अनुमानापेक्षा आकडेवारीला एक कोटीपटीहून अधिक चांगले लागू पडत होते. शिवाय ७२ वर्षांच्या आत निदान झालेल्यांमध्ये हा परिणाम अधिक ठळक होता, आणि कृष्णवर्णीय पुरुषांचा जादा धोका तुलनेने तरुण वयात जास्त दिसतो या जुन्या निरीक्षणाशी ते जुळणारे होते.

त्याच वर्षी आइसलँडमधील डिकोड जेनेटिक्स या कंपनीचे संशोधक अगदी निराळ्या वाटेने याच पट्ट्यात पोहोचले होते. त्यांनी आइसलँडमधील कुटुंबांपासून सुरुवात केली आणि नंतर स्वीडन व अमेरिकेतील रुग्णांमध्ये पडताळणी केली. त्यांना सापडलेली एक खूण युरोपीय वंशाच्या सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १३ टक्क्यांमध्ये होती, तर आफ्रिकी-अमेरिकी पुरुषांपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्ये. उत्तर अटलांटिकमधील छोट्या बेटावरील कुटुंबे आणि अमेरिकेतील आफ्रिकी-अमेरिकी रुग्ण या दोन टोकांकडून निघालेल्या रेषा एकाच बिंदूला येऊन मिळाल्यामुळे शंकेला फारशी जागा उरली नाही.

जेथे जनुकच नाही

अडचण पुढे होती. २००७ मध्ये हायमन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या लोकसमूहांतील चार हजारांहून अधिक रुग्ण तपासून ८क्यू२४ मधील सात निरनिराळे बदल दाखवले. ते सुमारे ४ लाख ३० हजार अक्षरांच्या पट्ट्यात पसरलेले होते, प्रत्येकाचा परिणाम स्वतंत्र होता, आणि त्यांपैकी एकही कोणत्याही ज्ञात जनुकाच्या आत नव्हता. एकानेही प्रथिनाची रचना बदलत नव्हती. ज्या भागाला जनुकांचे वाळवंट म्हणावे अशा ठिकाणी धोका दाटलेला होता. पट्ट्याच्या पलीकडे, काही लाख अक्षरांच्या अंतरावर, सी-मिक हे पेशींच्या वाढीला चालना देणारे आणि अनेक कर्करोगांत बेफाम होणारे जनुक आहे. संशय साहजिकच त्याच्यावर गेला, पण एवढ्या अंतरावरून हात कसा पोहोचतो हे दाखवता येत नव्हते.

शिवाय सापडलेल्या खुणा ह्या खुणाच होत्या. जवळजवळची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र वारशाने जातात, म्हणून दोषी अक्षराच्या शेजारी असलेले निरुपद्रवी अक्षरही आकडेवारीत दोषीच दिसते. आफ्रिकी लोकसमूह सर्वांत जुने असल्यामुळे त्यांच्यात हे एकत्र राहणारे गट लहान असतात आणि दोषी अक्षरापर्यंत पोहोचणे तुलनेने सोपे जाते. असे असूनही अभ्यासांत आफ्रिकी वंशाचे रुग्ण कमी होते. सोपी वाट उपलब्ध असताना अवघड वाटेने जाण्याचा हा प्रकार होता, आणि त्यात बरीच वर्षे गेली.

२०१६ मध्ये आफ्रिकी वंशाच्या जवळपास पाच हजार रुग्णांवर आणि तितक्याच निरोगी पुरुषांवर आधारलेल्या अभ्यासाने या पट्ट्यातील असे बदल दाखवले की जे युरोपीय लोकांत जवळजवळ आढळतच नाहीत. त्यानंतर लक्ष एका अक्षरावर एकवटले. त्याचा अनुक्रमांक आरएस७२७२५८५४ असा आहे. आठव्या गुणसूत्राच्या सुरुवातीपासून मोजत गेल्यास ते बारा कोटी ऐंशी लाखाव्या अक्षराच्या आसपास येते. तेथे बहुतेक माणसांत ‘ए’ हे अक्षर असते, काहींत ‘जी’, आणि आफ्रिकी वंशाच्या काही पुरुषांत ‘टी’. धोका या ‘टी’शी निगडित आहे. आधी सापडलेल्या काही आफ्रिकी खुणांचा परिणाम मुळात याच अक्षराचा होता, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सतरा हजारांहून अधिक पुरुषांच्या विश्लेषणातून स्पष्ट झाले.

आफ्रिकी वंशाच्या लोकांत या जागेच्या शंभर प्रती घेतल्या तर सुमारे सहांमध्ये ‘टी’ आढळते. प्रत्येकाकडे वडिलांकडून आलेली एक आणि आईकडून आलेली एक अशा दोन प्रती असतात. म्हणजे साधारण दर नऊ पुरुषांत एकाकडे हे अक्षर किमान एकदा असते. असलेल्याचा धोका नसलेल्याच्या सुमारे दुप्पट होतो. सामान्य आजारांच्या जनुकीय अभ्यासात सापडणारे बहुतेक बदल धोका दहा-वीस टक्क्यांनी वाढवतात. त्या मानाने हा परिणाम मोठा आहे. युगांडातील रुग्णांवरील २०१८ च्या अभ्यासात तर तो तिपटीच्या घरात गेला होता. ज्या घरांत वडील, भाऊ किंवा काका यांना हा कर्करोग झालेला आहे त्या घरांतील आजाराच्या पुनरावृत्तीचा काही भाग या एका अक्षराने उलगडतो.

लाखो युरोपीय पुरुष तपासूनही हे अक्षर कोणाला दिसले नसते. जे नाही ते मोठ्या संख्येनेही सापडत नाही, आणि कोणाला तपासायचे हे ठरवतानाच काय सापडणार हे बरेचसे ठरून जाते.

बंगळूरच्या प्रयोगशाळेत

अक्षर सापडले तरी ते करते काय, हा प्रश्न बाकी होता, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग भारतातून आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, डिंपल नोटानी यांच्या गटाने अमेरिकेतील फ्रीडमन आणि हायमन यांच्या सहकार्याने हे काम केले. २०२० मध्ये ते ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या लेखाचे पहिले लेखक कैवल्य वालावलकर हे आहेत.

त्यांनी प्रथम दाखवले की हे अक्षर ज्या तुकड्यात आहे तो प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींत जागा असणारा एन्हान्सर आहे. एन्हान्सर स्वतः प्रथिन तयार करत नाही. दूरच्या जनुकाचे काम किती जोमाने चालावे हे तो ठरवतो, दिव्यापासून लांब भिंतीवर असलेल्या बटणासारखे. पेशीच्या केंद्रकात डीएनए सरळ ताणलेला नसतो, तो वेटोळी घेऊन बसलेला असतो. त्यामुळे सरळ रेषेत लाखो अक्षरे दूर असलेल्या दोन जागा प्रत्यक्षात एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. कोणत्या जागा एकमेकींना स्पर्श करतात हे पकडण्याच्या तंत्राने या गटाने पाहिले, तेव्हा हा एन्हान्सर पीकॅट-१, पीआरएनसीआर-१ आणि पीव्हीटी-१ यांच्याशी जोडलेला आढळला. या तिन्हींपासून प्रथिन बनत नाही. लांब आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेला रेणू, बनतो आणि तो इतर जनुकांच्या कामात ढवळाढवळ करतो.

जोडणी दिसली म्हणजे कारण सिद्ध झाले असे होत नाही. म्हणून त्यांनी एन्हान्सरच बंद करून पाहिला. डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या क्रिस्पर या तंत्रातील कात्रीची धार काढून टाकली की ती डीएनए कापत नाही, फक्त सांगितलेल्या जागी जाऊन बसते आणि तेथील काम अडवते. अशी बोथट कात्री या एन्हान्सरवर बसवल्यावर त्या आरएनएंचे उत्पादन घटले. आता संबंध केवळ आकडेवारीचा राहिला नव्हता.

सर्वांत बोलके निरीक्षण यापुढचे आहे. प्रोस्टेटची वाढ अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांवर चालते, आणि या कर्करोगाच्या उपचारात त्यांना आवर घालणे हा दशकानुदशके मुख्य मार्ग राहिला आहे. या एन्हान्सरची ‘ए’ किंवा ‘जी’ अक्षर असलेली रूपे अँड्रोजेन दिल्यावर हलली नाहीत. ‘टी’ असलेल्या रूपाने मात्र प्रतिसाद दिला. कारण ‘टी’ आल्यामुळे तेथे एसपीडीईएफ नावाच्या, प्रोस्टेटच्या पेशीत मुबलक असणाऱ्या प्रथिनाला बसता येईल अशी अक्षरांची जुळणी तयार होते. ते प्रथिन येऊन बसते आणि एरवी बहिरा असलेला तुकडा संप्रेरकाची हाक ऐकू लागतो. रुग्णांच्या गाठींमध्येही ‘टी’ असलेल्यांत पीकॅट-१, पीव्हीटी-१ आणि सी-मिक यांची पातळी जास्त आढळली. २००७ मध्ये ज्या जनुकावर फक्त संशय होता, त्याच्यापर्यंत जाणारी साखळी आता कड्या-कड्यांनी दाखवता येत होती : एक अक्षर, त्यावर बसणारे एक प्रथिन, संप्रेरकाला मिळणारा प्रतिसाद, आरएनए आणि शेवटी सी-मिक.

या अक्षराने सर्व उलगडते का

नाही, आणि तसे कोणी म्हणू नये. आफ्रिकी वंशाच्या दर नऊ पुरुषांपैकी आठांकडे ‘टी’ नाही, तरी त्यांच्यातही आजाराचे प्रमाण चढेच राहते. सतराव्या गुणसूत्रावरील १७क्यू२१ येथे २०११ मध्ये असाच एक बदल सापडला. तो आफ्रिकी वंशात सुमारे पाच टक्के प्रतींत आढळतो, इतरत्र एक टक्क्याहून कमी, आणि धोका सुमारे दीडपट करतो. एचओएक्सबी-१३ या जनुकात पश्चिम आफ्रिकेतून आलेला एक दुर्मीळ बदल आहे. त्यात प्रथिन कोठे संपवायचे याची खूण नाहीशी होते आणि प्रथिन अवास्तव लांबते. तो प्रथम मार्टिनिक बेटावरील रुग्णांत लक्षात आला. याच जनुकातील निराळा बदल युरोपीयांत आणि आणखी निराळा चिनी लोकांत धोका वाढवतो. जनुक एकच असूनही प्रत्येक समूहात त्याचा बदल वेगळा आहे.

मार्टिनिकचा उल्लेख आलाच आहे तर तेथील दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. मार्टिनिक आणि शेजारचे ग्वादलूप या फ्रेंच बेटांवर केळीच्या बागांत १९९३ पर्यंत क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले आणि ते मातीत व पाण्यात आजही टिकून आहे. ज्यांच्या रक्तात त्याची मात्रा अधिक त्यांच्यात प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका अधिक, असे २०१० मध्ये ग्वादलूपमधील अभ्यासात दिसले. तेथील पुरुषांच्या अंगात वारसा आणि विष दोन्ही आहेत. एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याची जबाबदारी झटकण्याची मुभा कोणालाही मिळू नये.

आजार होणे आणि आजाराने मृत्यू येणे यांतील फरकही ध्यानात ठेवावा लागतो. सुरुवातीला दिलेल्या इंग्लंडच्या त्याच अभ्यासात मृत्यूचे आकडे आहेत : कृष्णवर्णीय पुरुषांत बारांत एक, गोऱ्यांत चोवीसांत एक, आशियाईंत चव्वेचाळिसांत एक. निदानाच्या आकड्यांशेजारी ते ठेवून भागाकार केला की निदान झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांश याच आजाराने दगावतात असे दिसते, आणि गोऱ्यांतही एक तृतीयांशच. सर्वांना सारखी सरकारी आरोग्यसेवा असलेल्या देशात फरक आजार होण्यात आहे, झाल्यानंतर नाही. अमेरिकेतही उपचार सारखे मिळाल्यास काय होते हे २०१९ च्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवले. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, जेथे विम्याचा अडसर नसतो, एकाच टप्प्यावर निदान झालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या रुग्णांचे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास सारखे निघाले. तेव्हा अमेरिकेत मृत्यूंची दरी निदानाच्या दरीहून रुंद होते, त्या जादा रुंदीचा दोष जनुकांवर टाकता येत नाही. तो आरोग्यव्यवस्थेचा आहे आणि तो दूर करणे माणसांच्या हातात आहे.

गुणांकन आणि त्याच्या मर्यादा

सुटे बदल एकत्र करून प्रत्येक पुरुषाच्या धोक्याचे गुणांकन काढता येते. २०२१ मध्ये एक लाख सात हजारांहून अधिक रुग्णांच्या आधारे २६९ बदलांचे असे गुणांकन तयार झाले. त्यात आफ्रिकी वंशाच्या पुरुषांची सरासरी युरोपीयांच्या २.१८ पट आली आणि पूर्व आशियाईंची ०.७३ पट. पण याच गुणांकनात सर्वांत वरच्या दहा टक्क्यांत येणाऱ्या पुरुषाचा धोका त्याच्या समूहातील मधल्या पुरुषापेक्षा किती जास्त, हे पाहिले तर युरोपीयांत ते पाचपट आणि आफ्रिकी वंशात पावणेचारपट निघाले. ज्यांचा धोका जास्त त्यांच्यातच हे साधन कमी धारदार ठरते. २०२३ पर्यंत बदलांची संख्या ४५१ वर गेली आणि रुग्णांची संख्या दीड लाखांवर, मात्र त्यांपैकी आफ्रिकी वंशाचे सुमारे १९ हजार, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा होते. भारतीय पुरुषांनी असा अहवाल हाती घेताना हीच सावधगिरी बाळगायला हवी, कारण पूर्व आशियाईंसाठी निघालेला आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

दवाखान्यात या ज्ञानाचा उपयोग आज मुख्यतः तपासणीचे वय ठरवण्यापुरता आहे. पीएसए या रक्ततपासणीविषयी कृष्णवर्णीय पुरुषांशी ४५ व्या वर्षी बोलावे आणि एकाहून अधिक जवळच्या नातलगांना कमी वयात हा आजार झाला असल्यास ४० व्या वर्षी बोलावे, असे अमेरिकन कॅन्सर सोसायटी सांगते. प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशनने २०२४ मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांची पहिली तपासणी ४० ते ४५ या वयात करण्याची शिफारस केली. या शिफारशी अजून त्वचेच्या वर्णावर आणि घराण्याच्या इतिहासावर चालतात. ‘टी’ असलेला आणि नसलेला असे दोघे पुरुष त्यांच्या लेखी एकच आहेत. एका रक्ताच्या थेंबातून किंवा लाळेतून जो फरक कळू शकतो तो तपासणीच्या सल्ल्यात उतरलेला नाही, ही उणीव लवकर भरून निघावी असे मला मनापासून वाटते. मात्र त्यासाठी गुणांकन आधी त्याच लोकांवर पारखून घ्यावे लागेल.

ते काम सुरू आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये दहा हजार आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांना सामील करून घेण्याच्या उद्देशाने रिस्पॉन्ड हा अभ्यास सुरू झाला. त्यात जनुकांबरोबर ताणतणाव, वस्ती आणि भेदभावाचे अनुभव हेही नोंदवले जातात. आफ्रिकेत सेनेगल, घाना, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिका येथील रुग्णालयांना जोडणाऱ्या मॅडकॅप या जाळ्याने आफ्रिकी जनुकसंचासाठी वेगळी चिप, म्हणजे डीएनएतील लाखो जागा एकदम तपासणारे साधन, बनवली. तिच्यावर पंधरा लाखांहून अधिक खुणा आहेत. युरोपीय लोकांसाठी बनलेल्या चिपांवर जी अक्षरे घेण्याचे कोणाला कारणच वाटले नव्हते, ती शोधण्यासाठीच ती बनवलेली आहे.